पॅरिसमध्ये शांग्री-ला, ब्रिस्टल, जॉर्ज सँक की रिट्झ? आधी खोली ठरवा, मग हॉटेल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीनंतरच्या आठवड्यात, म्हणजे नोव्हेंबरात, पॅरिसला चार रात्री. तुम्ही दोघं, ९ वर्षांची मुलगी आणि तुमचे आईबाबा. बाबा ७४ वर्षांचे, आईंचे गुडघे दुखतात आणि दोघंही अंडंसुद्धा खात नाहीत. त्यांच्या लग्नाला ५० वर्षं होतात म्हणून आयुष्यात एकदा मोठं हॉटेल घ्यायचं आहे. दोन खोल्यांवर १५ लाखांपर्यंत खर्चायची तयारी आहे. आणि शांग्री-ला, ल ब्रिस्टल, जॉर्ज सँक, रिट्झ या चारांतलं सगळ्यात भारी कोणतं, ते हवं आहे.

मी पुण्यातून कुटुंबांच्या युरोप सहली आखते. अशी हॉटेलं आमच्यामार्फत घेतली तर हॉटेल आम्हाला कमिशन देतं, हे आधीच सांगते, म्हणजे माझं म्हणणं तुम्हाला नीट तोलता येईल.

सगळ्यात भारी कोणतं, हा प्रश्न या चारांच्या बाबतीत फारसा उपयोगी नाही. गादी, चादरी, स्वच्छता, दाराशी उभ्या माणसाचं अगत्य यांत चारही ठिकाणी तुमची निराशा होणार नाही. फरक पडतो तो कोण किती वाजता हॉटेलात असणार, यामुळे. तरुण जोडपं रात्री अकराला येतं, झोपतं, सकाळी नऊला बाहेर पडतं. तुमचे आईबाबा नोव्हेंबरच्या थंडीत संध्याकाळी पाचला परत येतील आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या आधी निघणार नाहीत. एखाद्या दुपारी पाऊस असेल तर निघणारच नाहीत. म्हणजे दिवसाचे सतरा तास तरी ते त्या खोलीत आणि त्या इमारतीत असतील. त्यामुळे मी प्रश्न असा विचारेन: कोणत्या दोन खोल्यांमध्ये ही दोन माणसं सतरा तास आनंदात राहतील? एकाच हॉटेलात तीन हजार युरोची खोली तुमच्यासाठी चुकीची आणि अठराशेची बरोबर, असं सहज होऊ शकतं.

आधी पैशांचं बघू. दोन खोल्या, चार रात्री. १५ लाखांना आठने भागलं तर एका खोलीच्या एका रात्रीला १ लाख ८७ हजार, म्हणजे साधारण सतराशे-अठराशे युरो. नोव्हेंबरात या हॉटेलांतली सगळ्यात साधी खोली बहुतेक याच पट्ट्यात मिळते, थोडी खाली किंवा वर. आयफेल टॉवर दिसणाऱ्या दोन खोल्या यात बसणार नाहीत. एक तशी आणि एक साधी, हे ओढूनताणून जमू शकतं. वर मुक्कामाचा कर असतो, या वर्गातल्या हॉटेलांत माणशी रोज १५ युरोच्या आसपास, पण १८ वर्षांखालच्यांना तो नाही. नाश्ता धरलेला नसेल तर तो माणशी ५० ते ७५ युरो, म्हणजे पाच जणांचे चार दिवसांचे बरेच पैसे झाले. कार्डाने युरोत पैसे भरताना बँक दोन ते साडेतीन टक्के जास्त घेते, त्यावर जीएसटी. म्हणून १५ लाख ही खोल्यांची मर्यादा असेल तर आणखी दीड-दोन लाख वेगळे ठेवा. आणि दर बघताना नाश्त्यासकटचा दरच बघा, नाहीतर तुलना फसते.

दरांच्या शेजारी तुम्हाला 'पॅलेस' असा उल्लेख दिसला असेल. फ्रान्समध्ये पाच ताऱ्यांची श्रेणी २००९ साली आली आणि त्यावरच्या मोजक्या हॉटेलांसाठी २०१० मध्ये हा वेगळा किताब सुरू झाला. शांग्री-ला, ब्रिस्टल आणि जॉर्ज सँक यांच्याकडे तो आहे, रिट्झकडे नाही. म्हणून रिट्झ कमी दर्जाचं ठरत नाही. या किताबावरून निवड करू नका, एवढंच.

आता एकेक घेते.

शांग्री-ला ही नेपोलियनच्या घराण्यातल्या प्रिन्स रोलाँ बोनापार्त यांची हवेली. १८९६ मध्ये बांधून झाली, हॉटेल झालं २०१० साली. शंभरेक खोल्यांचं, म्हणजे तुलनेने लहान हॉटेल. सेन नदीच्या उजव्या काठावर आहे आणि आयफेल टॉवर अगदी समोर, पलीकडच्या काठाला. बऱ्याच खोल्यांतून तो पूर्ण दिसतो. हेच मे-जूनमध्ये विचारलं असतं, तर या दृश्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका असं मी ठामपणे सांगितलं असतं. जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. टॉवरचे दिवे लागेपर्यंत आईबाबा झोपलेले असतात. नोव्हेंबरच्या मध्यात मात्र सूर्य पाचच्या सुमाराला मावळतो. त्यानंतर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं टॉवर लखलखतो. सहा, सात, आठ, नऊ असे चार वेळा तरी आईबाबांना तो खुर्चीत बसून, शाल पांघरून, चहा घेत बघता येईल. बाहेर थंडीत उभं राहायला नको, गर्दी नको, गुडघ्यांना त्रास नको. तुमच्या तारखांमुळे या खिडकीची किंमत खरोखर वसूल होते.

पण खोलीचं नाव बारकाईने वाचा. 'आयफेल व्ह्यू' आणि 'पार्शियल व्ह्यू' यांत मोठा फरक असतो. पार्शियल म्हणजे बहुधा मान वळवून दिसणारा टॉवर. पॅरिसच्या हॉटेलांत 'डुप्लेक्स' नावाच्या खोल्याही असतात, छायाचित्रात फार सुंदर दिसतात. त्यात पलंग वर आणि बैठक खाली, किंवा उलट, आणि मध्ये आतला जिना. रात्री बाथरूमला उठणाऱ्या ७४ वर्षांच्या माणसासाठी ती खोली घेऊच नका, कितीही सवलतीत मिळाली तरी.

शांग्री-लाची आणखी एक जमेची बाजू सहसा कुणी सांगत नाही. प्लास दिएना हा चौक तिथून दोन-चार मिनिटांवर आहे आणि तिथे गिमे संग्रहालय आहे. आशियाई कलेचं, चोळकालीन नटराजासह भारतीय शिल्पांचं मोठं दालन असलेलं. लूव्रच्या रेट्यात आईबाबा दमतात. गिमेमध्ये निवांत फिरता येतं, बसता येतं आणि समोर काय आहे ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. मंगळवारी बंद असतं, तेवढं बघा. उणी बाजू अशी की लूव्र, नोत्र दाम वगैरे इथून लांब, तीन ते पाच किलोमीटरवर. त्रोकादेरोकडे जाताना थोडा चढ आहे. आणि पॅरिसच्या जुन्या मेट्रो स्थानकांत लिफ्ट जवळजवळ नसतातच, त्यामुळे आईंसाठी मेट्रो सोडूनच द्या. बस मात्र खाली झुकणाऱ्या, चढायला सोप्या असतात. नदीकाठाने लूव्रच्या दिशेला जाणारी ७२ नंबरची बस आल्मा-मार्सोच्या थांब्यावर मिळते. खिडकीशी जागा मिळाली की तीच सहल होते.

ल ब्रिस्टल १९२५ पासून आहे. राष्ट्राध्यक्षांचा एलिझे प्रासाद याच रस्त्यावर, त्यामुळे भाग सुरक्षित आणि शांत, पण कधीमधी पोलिसांचे अडथळे लागतात आणि टॅक्सी वळसा घेऊन येते. कुटुंबांना मी सगळ्यात जास्त वेळा हेच हॉटेल सुचवते. कारण इथली घरपण असलेली वागणूक. लहान मुलांकडे इथली माणसं फार प्रेमाने बघतात. वरच्या मजल्यावर सागवानी लाकडाचा पोहण्याचा तलाव आहे, जहाजाच्या डेकसारखा. तो आखणारे सीझर पिनाऊ हे ग्रीक जहाजमालक ओनासिसच्या नौकेवर काम केलेले वास्तुकार होते. पावसाळी दुपारी तुमच्या मुलीला दुसरं काही लागणार नाही. फक्त मुलांना कोणत्या वेळेत परवानगी आहे ते आधी विचारा, काही तास मोठ्यांसाठी राखून ठेवायची पद्धत अनेक ठिकाणी असते. आतल्या अंगणात मोठी बाग आहे. बागेकडच्या खोल्या रस्त्याकडच्यांपेक्षा शांत, त्याच मागा. नोव्हेंबरात बागेत बसणं होणार नाही, मेमध्ये हीच बाग निर्णय फिरवू शकते.

ब्रिस्टलच्या साध्या खोलीतून टॉवर दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. तुमच्यापुढची खरी निवड इथे आहे: आईबाबांसाठी खिडकी की मुलीसाठी तलाव? शांग्री-लातही तलाव आहे, नैसर्गिक उजेडाचा, म्हणून माझा कौल तिकडे झुकतो. पण ब्रिस्टलला दोन खोल्या आतून जोडलेल्या मिळाल्या आणि शांग्री-लाला मिळाल्या नाहीत, तर मी क्षणाचाही विचार न करता ब्रिस्टल घेईन.

जॉर्ज सँक, म्हणजे फोर सीझन्सचं हॉटेल, १९२८ चं. सेवा इतकी तत्पर की मागणी तोंडातून बाहेर पडायच्या आत माणूस हजर. लॉबीतली फुलांची सजावट जगभर नावाजलेली आहे आणि जागाही सोयीची, शाँझेलिझे जवळ. चारांत मोठं हॉटेल हेच, अडीचशेच्या आसपास खोल्या, त्यामुळे येजा जास्त, तुमच्या बाबांना गजबज वाटू शकते. तुमच्या तारखांना बहुतेक वेळा हेच सगळ्यात महाग निघतं, आणि त्या जास्तीच्या पैशातून तुमच्या कुटुंबाला नेमकं काय मिळेल, हे मला सांगता येत नाही. तुम्ही दोघंच जात असता आणि खाण्यापिण्याची हौस असती तर उत्तर वेगळं असतं. इथल्या मिशलिन ताऱ्यांच्या (मिशलिन ही उत्तम उपाहारगृहांना तारे देणारी मार्गदर्शिका) उपाहारगृहांचा अंडंही न खाणाऱ्या माणसाला उपयोग कमी.

रिट्झबद्दल थोडक्यात. १८९८ साली सुरू झालं, २०१२ ते २०१६ बंद ठेवून पूर्ण दुरुस्त केलं. फार देखणं आहे, पण ते जोडप्याचं हॉटेल आहे. प्लास वाँदोमच्या चौकात आईबाबांना मात्र जरूर न्या. त्या चौकात रिट्झच्या समोरच्या बाजूला शोमे या जवाहिऱ्यांची पेढी आहे. इंदूरचे तुकोजीराव होळकर, तिसरे, यांनी १९१३ मध्ये या शोमेकडून नाशपातीच्या आकाराचे दोन प्रचंड हिरे घेतले होते, प्रत्येकी ४६-४७ कॅरटचे. 'इंदूर पेअर्स' म्हणून ते प्रसिद्ध आहेत. हा चौक बघायला रिट्झमध्ये राहावं लागत नाही, चहाला गेलात तरी पुरे.

आता खोल्यांच्या जोडणीबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त कुटुंबं फसतात. 'कनेक्टिंग' म्हणजे दोन खोल्यांच्या मध्ये आतून दार. 'अ‍ॅडजॉइनिंग' म्हणजे नुसत्या शेजारी. बुकिंगच्या साइटवर 'कनेक्टिंग हवी' असं टिचकी मारून कळवलं तर ती फक्त विनंती असते, हॉटेलवर बंधन नसतं. हॉटेलकडून 'कन्फर्म्ड' हा शब्द लेखी आला तरच ती पक्की. रात्री आईंना बरं वाटत नसेल तर मधलं दार लोटून जाणं आणि कोट घालून कॉरिडॉरमधून जाणं यांत किती अंतर आहे, ते अशा वेळीच कळतं. जोडलेल्या दोन खोल्या एकाच प्रकारच्या असाव्यात असं काही नाही. म्हणून विचारा: टॉवर दिसणारी एक खोली आणि तिला जोडलेली साधी खोली अशी जोडी तुमच्याकडे आहे का? असेल तर तुमचा प्रश्न तिथेच सुटला. आईबाबांना खिडकीची खोली, तुम्ही तिघं दुसरीत, आणि दार उघडं ठेवलं की सगळ्यांनाच टॉवर. मुलीसाठी तिसरा पलंग मावतो का, हेही त्याच पत्रात विचारा. ३५ चौरस मीटरपेक्षा लहान खोलीत अनेक हॉटेलं तो देत नाहीत.

बाथरूमचंही तसंच. जुन्या इमारतींत संगमरवरी टब सुंदर असतात आणि त्यांचा काठ गुडघ्यापर्यंत येतो. आईंसाठी टबात न चढता जाता येईल असा वेगळा शॉवर आणि धरायला दांडी, हे लिहून मागा. संडासात पाण्याची सोय आहे का, हे विचारायला संकोच करू नका. काही खोल्यांत जपानी पद्धतीची पाण्याची सीट असते, काहींत बिडे, काहींत काहीच नाही, आणि एकाच हॉटेलात खोलीगणिक फरक असतो. किटलीही मागून ठेवा. फ्रेंच खोलीत कॉफीचं यंत्र हमखास असतं, किटली असेलच असं नाही, आणि आपल्याकडची माणसं पहाटे पाचला जागी होऊन चहा शोधतात. चहापावडर आणि साखर घरून न्या. दूध रात्रीच मागून घ्या.

खाण्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण अंडंही न खाणाऱ्यांची फ्रान्समध्ये खरी अडचण 'व्हेजिटेरियन' म्हणूनही सुटत नाही. फ्रान्सच्या बहुतेक पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातून काढलेलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं. कांद्याचं प्रसिद्ध सूप गोमांसाच्या पाण्यात शिजतं आणि नुसत्या भाज्यांचं सूपही पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यावर करतात. मूससारख्या गोड पदार्थांत जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासूनचा पदार्थ, असू शकतं. क्रोसाँवरची चकाकी अंड्याची असते. म्हणून पत्रात 'व्हेजिटेरियन' एवढंच लिहू नका. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, मांसाचं पाणी नाही, जिलेटिन नाही, प्राणिज रेनेट नाही, दूध-लोणी-दही चालतं, असं सगळं लिहा. या दर्जाच्या हॉटेलांच्या स्वयंपाकघराला हे कळवलं की ते मनापासून करतात, पण आठवडाभर आधी कळायला हवं. ऐन नाश्त्याच्या टेबलावर सांगितलं तर फळं आणि टोस्टवर भागवावं लागतं.

रोज हॉटेलात जेवायची गरज नाही. गार द्यू नॉर या रेल्वे स्थानकाच्या मागे, ला शापेलच्या भागात तमिळ वस्ती आहे, तिथे इडली-डोसा, भात-सांबार मिळतं. बाबांना दोन दिवसांनी भात लागणारच. भाग गजबजलेला आहे, टॅक्सीने दुपारी जा. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या जेवणासाठी मी मात्र हॉटेल सोडून आर्पेज सुचवेन. आलाँ पासार यांचं हे तीन मिशलिन ताऱ्यांचं उपाहारगृह २०२५ पासून मध सोडला तर पूर्णपणे वनस्पतिजन्य आहे. महाग आहे, माणशी काहीशे युरो. पण अंडं असेल का, पाण्यात काय असेल अशी चिंता न करता आईबाबा असं जेवण जेवतील, याचं मोल मला मोठं वाटतं. टेबल फार आधी धरावं लागतं. लसूण-कांदा चालत नसेल तर तेही कळवा.

पोचण्याच्या दिवसाचा विचार बहुतेक जण करत नाहीत. मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघणारं विमान पॅरिसला सकाळी उतरतं आणि खोली मिळते दुपारी तीनला. तरुणांना सामान ठेवून फिरता येतं. रात्रभर न झोपलेल्या आईबाबांना लॉबीत पाच तास बसवणं म्हणजे पहिलाच दिवस वाया. ट्रॅव्हल सल्लागारांमार्फत किंवा काही क्रेडिट कार्डांच्या योजनेतून घेतलं तर नाश्ता आणि हॉटेलात खर्चायला शंभरेक डॉलरचं क्रेडिट बहुधा मिळतं. लवकर खोली देणं मात्र 'उपलब्ध असल्यास' असतं, म्हणजे भरवसा नाही. माझा सल्ला: आईबाबांची एक खोली आदल्या रात्रीपासून घ्या आणि 'आम्ही सकाळी येऊ' असं कळवून ठेवा. पैसे पुरत नसतील तर शेवटची रात्र कमी करा, पण पहिली सकाळ सांभाळा. रोआसी (शार्ल द गोल) विमानतळावरून उजव्या काठाला टॅक्सीचं भाडं ठरलेलं असतं, ५६ युरोच्या आसपास. तुम्ही पाच जण आणि सामान, म्हणून मोठी गाडी आधी सांगून ठेवा. हॉटेलची गाडी याच्या अनेक पट पडते. ते पैसे आर्पेजसाठी ठेवा.

मी तुमच्या जागी असते तर आज शांग्री-ला आणि ब्रिस्टल या दोन्ही ठिकाणी रद्द करता येणाऱ्या दराने दोन-दोन खोल्या धरल्या असत्या. मग दोघांना एकच पत्र: जोडलेल्या खोल्या लेखी पक्क्या मिळतील का, शॉवर वेगळा आहे का, तिसरा पलंग बसेल का, नाश्त्याला आमच्या यादीप्रमाणे काय द्याल, मुलीला तलाव कधी खुला? ज्यांच्या उत्तरात खोलीचा प्रकार, मापं आणि पदार्थांची नावं असतील ते ठेवा. 'आम्ही पूर्ण प्रयत्न करू' एवढंच आलं तर पुन्हा एकदा विचारा, तरी तेच आलं तर सोडून द्या. दुसरं बुकिंग रद्द करायची शेवटची तारीख फोनमध्ये लावून ठेवा. ती हॉटेल आणि दर यांप्रमाणे बदलते, आणि व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारा दर घेऊच नका. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ज्येष्ठांची कागदपत्रं आधी तयार ठेवा.

आणि तुमच्या तारखांत ११ नोव्हेंबर येत असेल तर त्या दिवशी फ्रान्समध्ये पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामाची सुट्टी असते. सकाळी आर्क द त्रिओंफपाशी समारंभ होतो आणि शाँझेलिझेच्या भागात रस्ते बंद असतात. त्या दिवशी पोचणार असाल तर टॅक्सीवाल्याला वेळ हातात ठेवायला सांगा.